आत्याची वही

२०११ च्या पावसाळ्यात आत्या कायमची कोल्हापूरला परत आली. स्टेशनवरून निघालेली रिक्षा मंगळवार पेठेत आमच्या दारात थांबली. तिनं एक पाय खाली टाकला, छत्री उघडायच्या भानगडीत न पडता भिजतच उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "आलो बघ, दादा."

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळायचं नाही. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी जेवलो, मी निघतो' असंच बोलतात. पुण्याला शिकायला गेलेल्या मुली महिनाभरात 'आले, गेले' म्हणायला शिकतात आणि सुट्टीत एसटीतून उतरल्या की परत 'आलो'वर येतात. आत्या १९७४ साली भारतीय परराष्ट्र सेवेत गेली, म्हणजे तिला सदतीस वर्षं झाली होती. दिवसभर इंग्रजी, दिल्लीत हिंदी, वाळवंटातल्या देशांत अरबी. मराठी बोलायला महिनोन्‌महिने माणूस नाही. तरी दारात उतरताना तोंडून आलं ते 'आलो'च. बाबा काही बोलले नाहीत. पुढं होऊन त्यांनी तिची लोखंडी ट्रंक उचलली.

त्या ट्रंकेत काय होतं ते मला गेल्या दिवाळीत कळलं. तिनं स्वतःच कुलूप काढलं आणि म्हणाली, "घे, वाच. गुपित काय न्हाई त्यात. गुपितं सरकारची, ती तिथंच ठेवून आलो."

आत वह्या होत्या. लाल कापडी बांधणीच्या, उभ्या, लांबट, जाड दोऱ्यानं शिवलेल्या. शाहूपुरीत गुळाच्या बाजारात ज्या वहीत रव्यांचा, म्हणजे गुळाच्या ढेपांचा, हिशोब लिहायचे तसल्या. आमचे आबा तिथं एका आडत दुकानात दिवाणजी होते. दिवाळी पाडव्याला दुकानात नव्या वह्यांची पूजा व्हायची, तेव्हा ते मालकांना विचारून एक वही घरी आणायचे. आत्या मसुरीला प्रशिक्षणाला निघाली तेव्हा त्यांनी तिच्या ट्रंकेत अशा दोन कोऱ्या वह्या ठेवल्या. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. आबा होते तोवर दर साली एक वही तिच्यामागं देशोदेशी जात राहिली. ते गेल्यावर ती रजेवर आली की महाद्वार रोडवरून स्वतः विकत घ्यायची.

मला वाटलं होतं, या वह्यांत मेजवान्या असतील, राष्ट्राध्यक्ष असतील, करारांच्या आदल्या रात्रीची धावपळ असेल. तसलं फारसं काही नाही. पानामागून पानं चार रकाने आखलेले. नाव. गाव. आईचं नाव. काय हवं.

मी विचारलं, आईचं नाव कशाला?

"तापानं फणफणलेला असू दे, मार खाल्लेला असू दे, न्हाईतर तुरुंगात बसलेला असू दे. माणूस घाबरला की स्वतःचं नाव चुकीचं सांगतो, गाव लपवतो. आईचं नाव विचारलं की खरं बोलतो."

हे तिला नोकरीत कुणी शिकवलेलं नव्हतं. याचं मूळ माझ्या मते आजीच्या एका गोष्टीत आहे आणि ती गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलीय की माझ्या डोळ्यांसमोर घडल्यासारखी वाटते.

आजीचं माहेर वळिवड्याचं. १९४३ साली तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सोव्हिएत फौजांनी ज्यांना घरादारातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलं होतं ती ही माणसं, इराणमार्गे हिंदुस्थानात आलेली. सुमारे ५,००० जण, त्यात बायका आणि मुलंच जास्त. करवीर संस्थानात, ऊस-भाताच्या या मुलखात, त्यांची शाळा सुरू झाली, चर्च झालं, नाटकं व्हायला लागली. १९४८ पर्यंत ती माणसं इथं होती. पुढं त्याच जागी सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली आणि गांधीनगर झालं. एका विस्थापितांच्या बराकी दुसऱ्या विस्थापितांना मिळाल्या. आजही महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे आणि तिकडं वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

आजी तेव्हा चौदा-पंधराची. पणजोबा छावणीत दूध घालायचे आणि ती बरोबर जायची. तिच्याच वयाची एक मुलगी किटली घेऊन यायची. एके दिवशी ती मुलगी रडत आली आणि 'मत्का, मत्का' म्हणत राहिली. आजीला वाटलं, हिचा मटका फुटला. ती धावत घरी गेली, माठ नव्हता म्हणून चांगलं नवं मडकं घेऊन आली आणि त्या पोरीच्या हातात दिलं. पोरीनं मडकं पोटाशी धरलं आणि जास्तच रडायला लागली. पुढं कधीतरी छावणीतल्या दुभाष्यानं सांगितलं, मत्का म्हणजे आई. त्या आठवड्यात त्या मुलीची आई गेली होती.

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा प्रत्येक वेळी शेवटाला म्हणायची, "तिला आई पाहिजे हुती, आणि मी मडकं दिलं गं." सकाळी आम्हा नातवंडांना उठवताना ती 'जेन दोब्री' म्हणायची. शुभ सकाळ. चौथी शिकलेल्या माझ्या आजीला पोलिश भाषेतले तेवढे दोनच शब्द पक्के येत होते.

आत्याला बऱ्याच वर्षांनी दिल्लीत वाचताना कळलं, की मुंबईतल्या पोलिश कॉन्सुलच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी या निर्वासितांसाठी जिवाचं रान केलं होतं. राजनैतिक अधिकाऱ्याची बायको म्हणून आलेल्या, पण रेड क्रॉसचं काम अंगावर घेऊन माणसांना अन्न, औषधं, कपडे पोचवणाऱ्या. लढाईनंतर त्या मायदेशी परतल्या नाहीत, भारतातच राहिल्या. आत्यानं हे वहीत टिपून ठेवलंय आणि पुढं एवढंच लिहिलंय: 'आईला सांगायचं.'

आत्या राजाराम कॉलेजची. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं, त्यामुळं बी. ए. साठी पुण्या-मुंबईच्या विद्यापीठाकडं बघायची गरज उरली नव्हती. पण नागरी सेवेची परीक्षा तेव्हा बहुतेक इंग्रजीत. आबांच्या घरात इंग्रजी यायचं ते गुळाच्या पोत्यांवरच्या शिक्क्यांपुरतं. तिनं पाठ करकरून ती भाषा ताब्यात घेतली. पेठेतल्या लोकांनी आबांना विचारलं, एवढी लांब पोरीला पाठवता? आबा म्हणाले, महाराजांनी सुनेला शिकवलं, मी लेकीला शिकवलं तर काय बिघडलं? शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव १९१८ साली गेले, तेव्हा विधवा झालेल्या इंदुमतीदेवींना महाराजांनी सोनतळीला ठेवून, सोबत दुसऱ्या मुली देऊन शिकवलं होतं. कोल्हापुरात हा दाखला दिला की समोरचा गप्प बसतो. आजही बसतो.

सेवेत गेलेल्याला एक परकी भाषा शिकावीच लागते. तिच्या वाट्याला अरबी आली आणि तिला कैरोला पाठवलं. तिथली तिची वही मला सगळ्यांत आवडते, कारण त्यात ती चोवीस-पंचवीस वर्षांची आहे. अरबीत 'ऐन' नावाचं अक्षर आहे, घशाच्या तळातून काढायचं. तिला ते महिनाभर जमेना. म्हातारे शिक्षक रोज म्हणायचे, परत. एक दिवस तिनं आईनं पाठवलेला गुळाचा खडा त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, याचं नाव सांगा, गूळ. त्यांना 'ळ' येईना. गूल, गूर, गूद, असं पाऊण तास चाललं. दोघंही हसून हसून दमली आणि त्याच दिवशी तिचा ऐन बरोबर निघाला.

ऐननं सुरू होणारा तिनं लिहिलेला पहिला शब्द 'ऐश'. अरबीत त्याचा अर्थ जगणं. पण इजिप्तमध्ये रोजच्या भाकरीलाच ऐश म्हणतात. जानेवारी १९७७ मध्ये तिथल्या सरकारनं अन्नधान्यावरची सवलत कमी केली आणि कैरोचे रस्ते पेटले. दोन दिवसांत निर्णय मागं घ्यावा लागला. आत्या खिडकीतून ते बघत होती. वहीत तिनं लिहिलंय, 'शब्दकोशात दोन अर्थ वेगळे दिलेत. रस्त्यावर एकच आहे.'

याच वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात एक कागद आहे. कार्बन कॉपी, शाई जांभळट, घड्या पडून मधोमध विरलेली. १९७८ सालचा अर्ज. मला लग्न करायचं आहे, तरी परवानगी मिळावी.

तेव्हा सेवेचा नियमच तसा होता. १९६१ च्या नियमांप्रमाणं बाई अधिकाऱ्यानं लग्नाआधी लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर संसारामुळं तिच्या कामात कमतरता येईल असं वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येत होतं. पुरुषांना संसार आडवा येईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणखी एक नियम होता, की विवाहित बाईला या सेवेत नेमणुकीचा हक्कच नाही. तो थोडा आधी, १९७३ साली गेला. या सेवेत आलेल्या पहिल्या बाई कोडगूच्या सी. बी. मुथम्मा, १९४९ सालच्या. सेवेत येतानाच त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं की लग्न केलं तर नोकरी सोडेन. १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या, सेवेतून त्या पदावर पोचलेल्या पहिल्या बाई. आणि तरीही पुढच्या बढतीच्या वेळी त्यांना डावललं, तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. दावा चालू असतानाच बढती देऊन टाकल्यामुळं अर्ज निकालात निघाला, पण नियमांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते लखलखीत आहे. बायकोच्या जबाबदाऱ्या बाईच्या कामात आड येतात, तर नवऱ्याच्या जबाबदाऱ्या पुरुषाच्या कामात का येत नाहीत, हा त्यांचा सवाल होता. सगळे नियम तपासून भेदभाव काढून टाका, असं त्यांनी सरकारला बजावलं.

आत्याच्या वहीत त्या बातमीचं कात्रण डकवलेलं आहे. दूतावासाच्या टपालाच्या थैलीतून वर्तमानपत्रं यायला तेव्हा दिवसच्या दिवस लागायचे, म्हणून निकालाची तारीख एक आणि तिच्या हातची तारीख दुसरी. पण तोवर ज्यांच्याशी लग्नासाठी तो अर्ज होता, त्या सांगलीच्या प्राध्यापकांचं लग्न होऊन गेलं होतं.

"अर्ज फेटाळला का?" मी विचारलं.

"पाठवलाच न्हाई. आठ दिवस पिशवीत घेऊन हिंडलो. आबांनी मला कधी कशाला परवानगी मागायला लावली नव्हती. मग टाइप केलेला फाडला."

"मग कार्बन का ठेवलास?"

त्यावर ती उठली आणि गॅसवरचा चहा बघायला गेली. त्या माणसाबद्दल तिच्या बोलण्यात कधी कडवटपणा आला नाही. कागदाबद्दल मात्र तिचा राग अजून तसाच आहे, आणि मला तो रास्त वाटतो. मुथम्मांचं नाव आमच्या शाळेतल्या मुलींना ठाऊक नाही. मी शिकवते त्या वर्गात दर वर्षी सांगते.

पुढच्या वह्या आखाती देशांतल्या आहेत आणि त्यांत रकाने सुरू होतात. दूतावास म्हटलं की आपल्याला झेंडा, गाडी, गालिचा आठवतो. आत्याच्या कामाचा मोठा हिस्सा मागच्या दारच्या खिडकीत होता, जिथं मजूर रांग लावायचे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, पगार चार महिने नाही, घरी बहिणीचं लग्न. आणि मृत्यू. बांधकामावरून पडलेले, उन्हानं गेलेले, झोपेत गेलेले. परदेशात मेलेला माणूस घरी पाठवायचा तर काय काय लागतं ते मी तिच्याकडून ऐकलंय: तिथल्या दवाखान्याचा दाखला, पोलिसांची हरकत नसल्याचा कागद, मालकाची सही, देह टिकवण्यासाठी औषध भरल्याचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, विमानात मालाच्या जागेत आरक्षण. यातला एक कागद कमी पडला तर देह शवागारात पडून राहतो. व्हिएन्ना इथं १९६३ साली झालेल्या करारानं परक्या देशात अडकलेल्या आपल्या माणसापर्यंत पोचण्याचा हक्क अधिकाऱ्याला दिला आहे. पण हक्क कागदावर असतो. त्यासाठी मालकाच्या बैठकीत तीन-तीन तास, कॉफीचे पेले संपवत, ऐन नीट काढत बसावं लागतं. हे ती करायची. पुरुष सहकाऱ्यांना जे मालक ताटकळत ठेवायचे, ते बाई आली म्हणून गोंधळून लवकर सही करायचे, असंही तिनं एकदा सांगितलं.

आता १९९०.

२ ऑगस्टला इराकनं कुवेत गिळलं. तिथं लाखावर भारतीय होते. एका रात्रीत कुवेती दिनारला किंमत उरली नाही, वीस-वीस वर्षांची शिल्लक कागद झाली. माणसं मिळेल त्या बसनं इराक ओलांडून, वाळवंटातून, जॉर्डनच्या सीमेवर येऊन पडली. अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची विमानं सुरू झाली. ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या, आणि लाखाहून जास्त माणसं घरी आली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर नागरी विमानांनी माणसं हलवल्याचं दुसरं उदाहरण नाही. अरबी येणारे अधिकारी हवे होते म्हणून आत्याला अम्मानला धाडलं होतं. कित्येकांकडं पासपोर्ट नव्हते. रांगेतल्या माणसाला चार प्रश्न विचारायचे, तो आपलाच आहे याची खात्री करायची, प्रवासाचा कागद लिहून द्यायचा. तंबूत रात्री कंदिलाच्या उजेडात. बायका आधी, पोरं असलेल्या आधी, आजारी आधी.

सप्टेंबरात आजी गेली.

मी बारा वर्षांची होते. सकाळी सात वाजता चुलीपुढं बसल्या बसल्या ती कलंडली. दिल्लीमार्फत निरोप धाडला. निरोप पोचला ते दुपारी कळलं. बाबा म्हणाले, आपण संध्याकाळपर्यंत थांबू. मग म्हणाले, उद्या सकाळपर्यंत थांबू. मुंबईला विमानं येतच होती, दिवसातून आठ-आठ, दहा-दहा, आणि ती विमानं आत्याच भरत होती. यातली एक जागा तिची असू शकत होती. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या काठी बाबांनी शेणी रचल्या. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनालाही ती नव्हती. चौथ्या दिवशी फोन लागला. बाबांनी रिसीव्हर कानाला लावला, पलीकडचं सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्द न बोलता खाली ठेवला. पुढं बारा-तेरा वर्षं दोघं बहीणभाऊ एकमेकांशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. ती रजेवर आली की माझ्या आईशी बोलायची, माझ्या वेण्या घालायची. बाबा माडीवर असायचे.

तिनं यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. एका दिवसानं कुणाचं फार अडलं नसतं, कुणीतरी दुसरं तंबूत बसलं असतं. यंदा मी तिला हे तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "व्हय." तिनं सफाई दिली नाही आणि मलाही पुढं काही विचारवलं नाही.

पण त्या महिन्याची वही मी वाचली आहे. त्या दिवसाचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं आहे. घाईचं, तिरकं अक्षर, डाव्या कडेला अनुक्रमांक. १ ते २११. केरळ, पंजाब, आंध्र, गोवा. एक रत्नागिरीचा. २११ च्या खाली रेघ मारलेली आहे आणि रेघेखाली, क्रमांक न घालता, सावकाश काढलेल्या अक्षरात आजीचं नाव आहे. गाव: वळिवडे. तिसऱ्या रकान्यात आजीच्या आईचं नाव. चौथा रकाना कोरा.

बाबा आता ऐंशीच्या पुढं गेलेत. मी ते पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा पुसला, वही खिडकीकडं वळवली आणि बराच वेळ बघत राहिले. मग तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "आईच्या आईचं नाव मला ठावंच नव्हतं की गं."

त्यांचं बोलणं सुरू झालं होतं ते त्याच्या कितीतरी आधी. आत्याची आफ्रिकेतल्या एका छोट्या देशात राजदूत म्हणून नेमणूक झाली, तेव्हा बाबा न सांगता मुंबईला गेले आणि विमानतळावर तिच्या हातात एक डबी ठेवली. आजीचा कोल्हापुरी साज, २१ पानांचा, लाखेवरचं सोनं एका ठिकाणी दबलेलं. "आईचा हाय. तुझाच हुता. नीट ठेव." बस. राष्ट्रपतींच्या सहीचं पत्र त्या देशाच्या अध्यक्षांच्या हातात देतानाचा फोटो आमच्या माडीवर लावलाय. त्यात आत्याच्या गळ्यात साज आहे आणि दबलेलं पान स्पष्ट दिसतं.

मधल्या वर्षांतलं एक पान राहिलं. आजी गेल्यावर तीन वर्षांनी आत्याला रोमला एका बैठकीसाठी जावं लागलं. बैठक संपल्यावर तिनं फ्लॉरेन्सची गाडी पकडली. आपल्या गावच्या लोकांना हे माहीत असायला हवं: कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आमच्या कॉलेजला नाव आहे ते त्यांचंच. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. ख्रिस्ती शहर, दहनाची चाल नाही. तरी तिथल्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, रात्री, हिंदू रीतीनं महाराजांचं दहन झालं. आज तिथं काशिने नावाच्या बागेच्या टोकाला छत्री आहे, आत रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढं आपल्याकडचा नवा राजवाडा रचला तेच. जवळच्या पुलालाही तिथले लोक 'त्या हिंदी माणसाचा पूल' म्हणतात.

आत्या त्या बागेतून तासभर चालत गेली. त्या दिवशीच्या पानावर रकाने नाहीत. नुसते प्रश्न आहेत, एकाखाली एक:

'लाकडं कुणी दिली?
तूप कुठून आणलं?
परवानगीचा कागद किती वाजता मिळाला? तोवर कोण बसून होतं?
सोबतच्या लोकांत कुणाला इटालियन येत होतं?
कोल्हापूरला कुणी कळवलं? किती दिवसांनी?
आईला कुणी सांगितलं?'

मी हे पान वाचलं तेव्हा रात्र झाली होती. आत्या शेजारच्या खोलीत झोपली होती. तिला उठवून काहीतरी बोलावंसं वाटलं, पण उठवलं नाही. पांघरूण सरकलं होतं ते नीट केलं.

आता ती चौऱ्याहत्तरची आहे. पहाटे रंकाळ्याला फेरी मारते, आल्यावर भाकरी स्वतः थापते. कधी भाकरीला 'ऐश' म्हणते आणि माझ्या मुलाला घशातून ऐन काढायला लावते. दुपारी मात्र तिच्या ओसरीवर माणसं असतात. गावात कसं कोण जाणे कळलंय, की परदेशात कुणाचं काही अडलं तर मंगळवार पेठेतल्या बाईंकडं जावं. कुणाचा पोरगा जहाजावर, कुणाचा जावई मस्कतला, कुणाची लेक परिचारिका होऊन आयर्लंडला. आत्या कुणाला कोणत्या दूतावासाला कसं लिहायचं ते सांगते, पत्राचा मसुदा करून देते. पैसे घेत नाही. गूळ घेते.

जूनमध्ये करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई आल्या. उन्हातून चालत, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली झेरॉक्स. पोरगा आखातात गाडी चालवायला गेलेला, बारा दिवस फोन बंद. गावात कुणी म्हणालं पकडलाय, कुणी म्हणालं अपघात. आत्यानं त्यांना आधी पाणी दिलं, मग पंख्याखाली बसवलं. लाल वही काढली, चष्मा लावला आणि नाव विचारलं. बाईंनी पोराचं नाव सांगितलं. गाव सांगितलं.

"त्याच्या आईचं नाव?"

बाई गोंधळल्या. "मीच की हो आई त्याची."

"तुमचं नाव सांगा," आत्या म्हणाली.

बाईंनी पदर सारखा केला आणि नाव सांगितलं.